मिस्टर डॉइलच्या तळघरातला बेडूक

"हलू नका. परत ओरडेल तो," क्लिंट म्हणाला, आणि चौघंही गवतात उकिडवी बसली, मांजरं बिळापाशी बसतात तशी.

शाळेला सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते आणि काम एकच होतं, बेडूक हेरून ठेवायचा. शनिवारी सीडर बेंड गावात बेडूक-उड्यांची शर्यत होती. गेली तीन वर्षं ती मिस्टर डॉइल स्टबल्फील्ड जिंकत आले होते. शर्यत भरवणारे तेच, बक्षीस ठेवणारे तेच आणि शेवटी ते घरी घेऊन जाणारेही तेच. डेलिया प्रुइटला याचा मनापासून राग यायचा. पोरगी बारा वर्षांची, आणि राग आला की तिचे कान लाल व्हायचे. आता ते बरेच दिवस लालच राहणार होते, पण हे तिला तरी कुठं माहीत.

घुर्रूम्म. खर्जातला आवाज, रिकाम्या पिंपात कुणीतरी घसा खाकरावा तसा.

"हा बेडूक नाही, रेडा आहे," लूपे कुजबुजली. लूपेचे बाबा गारांनी फुटलेली छपरं शाकारायचे, त्यामुळं वादळात मोठं काय आणि लहान काय ते तिला बरोबर कळायचं.

"पण आहे कुठं? ओढा तर तिकडं खाली," डेलिया म्हणाली.

डेलियाचा भाऊ बो सात वर्षांचा होता. मोठी माणसं विचार करत बसतात तेवढ्यात हा करून मोकळा होतो. तो गवताच्या उंचवट्यावर चढला, तिथं वर आलेल्या पत्र्याच्या धुराड्याला त्यानं कान लावला आणि म्हणाला, "इथंय. आत."

तो उंचवटा म्हणजे वस्तीचं तळघर. इथली घरं पत्र्याची, चाकांवरची. टोर्नेडो आला की ती पत्त्यांसारखी उडतात. म्हणून भोंगा वाजला की सगळी वस्ती, म्हातारीकोतारी, कुत्री, तान्ही बाळं, लोखंडी दार उघडून या सिमेंटच्या तळघरात उतरायची. वर हवेसाठी ते धुराडं. बाकी सगळं कोरडं ठणठणीत.

कोरडं ठणठणीत? डेलियाच्या डोक्यात तिथंच काहीतरी अडकलं. बेडूक कोरड्यात कशाला गाणं म्हणेल?

तिनं एक खडा उचलला आणि धुराड्यात टाकला.

डुबुक.

क्लिंट टायगरच्या खिशात मासे धरायची दोरी कायम असायची, शिसं बांधलेली. त्यानं ती हळूहळू आत सोडली, शिसं तळाला टेकल्यावर वर ओढली, आणि ओला झालेला भाग डेलियाच्या अंगाला लावून पाहिला. तिच्या कमरेच्या वर.

"मला लाव," बो म्हणाला. त्याच्या हनुवटीपर्यंत आला.

डेलियाचे कान लाल झाले, पण रागानं नाही. तिला मीमॉ आठवली. मीमॉ म्हणजे आजी. चार पायांची काठी घेऊन चालायची, म्हणून भोंग्याची वाटच बघायची नाही. पहिला काळा ढग दिसला की घडीची खुर्ची काखेत मारून निघायची आणि तळघरात सगळ्यात आतला, सगळ्यात खालचा कोपरा धरायची. 'तरण्यांच्या पायाखाली कोण येणार,' म्हणायची. एकदा तिथं बसली की दोन बाप्ये लागायचे तिला उठवायला.

मिस्टर डॉइल वस्तीचे मालक. तळघराची किल्ली त्यांच्या पट्ट्याला. गेल्या पानगळीत मोठी पोरं आत बियर लपवताना सापडली, तेव्हापासून त्यांनी दाराला कुलूप घातलं होतं, आणि भोंगा वाजला की मी येऊन उघडीन म्हणून सांगितलं होतं. यंदा भोंगा वाजला तो फक्त शनिवारच्या चाचणीला, दुपारी बाराला. खरा एकदाही नाही. म्हणजे पानगळीपासून आत कुणी डोकावलंच नव्हतं.

चौघं वस्तीच्या कचेरीत गेली तेव्हा मिस्टर डॉइल तळलेला मासा आणि मक्याचा पाव खात होते. पायात सापाच्या कातड्याचे बूट, ते टेबलावर. डेलियानं सगळं नीट सांगितलं, बेडूक, खडा, दोरी, कंबर. त्यांनी घास संपवला, बोटं पुसली आणि सांगितलं की तळघराला पाणी निघून जायला नळ आहे, त्यांच्या वडिलांनी घातलेला, पाणी आलं की आपसूक ओढ्यात जातं.

"पण ते गेलेलं नाहीये, मिस्टर डॉइल."

"पोरी, तू जन्माला यायच्या आधीपासून ते तळघर मी सांभाळतोय." मग त्यांचे डोळे बारीक झाले. "थांब. आत बेडूक आहे म्हणालीस ना? मोठा?"

"रेड्याएवढा," बो म्हणाला. क्लिंटनं त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

मिस्टर डॉइल पोट हलवून हसायला लागले. "वा रे वा! म्हणजे मी कुलूप उघडायचं आणि तुम्ही माझा बेडूक पळवायचा. शनिवारसाठी. मला वाटलंच, पाण्याची एवढी काळजी यांना कुठली."

बाहेर आल्यावर डेलियानं वाटेतला दगड लाथाडला. लूपे म्हणाली, त्यांना चोर सगळीकडं दिसतात, कारण आरसा रोज बघतात.

मीमॉनं मात्र ऐकून घेतलं. बोच्या डोक्याला तेल लावता लावता तिनं सांगितलं की नळ आहे खरा. डॉइलच्या बापानं स्वतः खणून घातला होता. त्याचं तोंड ओढ्याच्या काठाला, मोठ्या पांढऱ्या खोडाच्या सायकॅमोर झाडाखाली निघतं. उन्हाळ्यात तिथून गार पाणी ठिबकायचं आणि पोरं त्याखाली कलिंगडं ठेवायची.

"अगं, आम्ही तिथंच तर कासवं धरायचो," क्लिंट उठून उभाच राहिला.

सगळी पळत ओढ्यावर गेली. सायकॅमोर होता, पण अर्धाच. त्याचं खोड माणसाच्या कमरेएवढं लाल मातीत गाडलेलं होतं. वर खडी अंथरली होती आणि खडीवर तीन मोठ्या प्रवासी गाड्या उभ्या होत्या, आत पडदे, बाहेर रंगीत खुर्च्या. मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मिस्टर डॉइलनी वसंतात ही जागा केली होती. गाड्या भरभरून माती ओतली, रोलर फिरवला, पाटी लावली. नळाचं तोंड त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी.

क्लिंटनं काठी खुपसून पाहिली. काठी मोडली.

"बुजवलं," डेलिया म्हणाली. "चाळीस माणसांचा जीव बुजवला, आणि वर खुर्च्या मांडल्या."

मग सुरू झाली वणवण. लूपेचे बाबा एका छपरावर होते, वरूनच म्हणाले, मालकाला सांगा. गावच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, जागा खासगी आहे, त्यात आम्ही पडत नाही, आणि गोळ्या घ्या म्हणून बरणी पुढं केली. बोनं घेतली, डेलियानं नाही. क्लिंटचे अंकल बक गावच्या आगीच्या बंबावर मुख्य होते, ते असते तर ऐकलं असतं, पण ते तेलविहिरींच्या कामावर दूर गेले होते, गुरुवारी येणार होते. दुसऱ्यांदा चौघं मिस्टर डॉइलकडं गेली तर त्यांनी ओढ्यावरच यायची बंदी घातली. पाहुण्यांना त्रास होतो म्हणे.

आणि मीमॉसुद्धा शेवटी म्हणाली, "डॉइल सांभाळतो म्हणाला ना, मग बघेल. मोठं माणूस आहे ते."

त्या रात्री डेलिया जेवली नाही. पाणी असल्याचा तिला एवढा राग नव्हता. पाणी काय, येतं. पण एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकाला, एकाला तरी, चालत जाऊन एक खडा टाकावासा वाटू नये? खडा टाकायला काय लागतं?

गुरुवारी सकाळपासून हवा घामट होती, अंगाला चिकटणारी. गुरं कुंपणाच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाली होती. टीव्हीवरचा हवामानवाला बाह्या सरसावून नकाशापुढं उभा होता आणि पहाटेपासून हटला नव्हता. दुपारनंतर मोठी वादळं, मुठीएवढ्या गारा, टोर्नेडो, आणि एकाच जागी तासन् तास पाऊस, म्हणून ओढ्यांना पूर. जमिनीखाली आसरा घ्या, असं तो सांगायचा, आणि लगेच पुढं, सखल जागी थांबू नका.

"खाली जा आणि वर पण जा," लूपे म्हणाली. "याला म्हणावं एकदा काय ते ठरव."

डेलियाला हसू आलं नाही. मीमॉनं दुपारीच खुर्ची काढली होती. ती तळघराच्या दाराशी जाऊन बसली, मांडीवर डब्यात बिस्किटं, पायाशी थर्मास, कुलूप उघडायची वाट बघत. नैऋत्येला आभाळ जांभळं पडलं होतं, मार लागल्यासारखं.

आणि वस्तीतले बाप्ये? ते मिस्टर डॉइलच्या ओसरीवर. सीडर बेंडची जुनी खोड ही. टीव्हीवाला घसा फोडून सांगतो आत जा, आणि हे गोड गार चहाचे पेले घेऊन बाहेर येतात ढग बघायला. आमच्या डोक्यावरून नाही जाणार, उत्तरेनं जाईल, अशा गप्पा. अंकल बकसुद्धा आत्ताच परत आले होते, ट्रकमधून उतरून तिकडंच येत होते, पण किल्ली मिस्टर डॉइलच्या पट्ट्याला होती आणि एकट्याचं ते ऐकणार नव्हते.

डेलिया ओसरीकडं बघत राहिली. तिनं मनात हिशेब केला. आपण पाण्याचं सांगितलं, कुणी उठलं नाही. नळाचं सांगितलं, नाही. आजीचं सांगितलं, नाही. ही माणसं उठतात तरी कशासाठी?

तिला एकदम उत्तर सापडलं. तिनं तिघांना जवळ घेऊन ते सांगितलं. क्लिंट म्हणाला, हे पाप आहे. लूपे म्हणाली, पाप कसलं, सगळं खरंच तर आहे.

ओसरीपुढं जाऊन डेलिया उभी राहिली आणि तिनं ठणकावून विचारलं, "मिस्टर डॉइल, तळघरातला तो बेडूक तुम्ही शनिवारी काढणार आहात का?"

चहाचे पेले थांबले.

"कुठला बेडूक?" एक म्हातारबुवा म्हणाले. गेल्या वर्षी ते दुसरे आले होते आणि अजून विसरले नव्हते.

"यांनी कुलुपात ठेवलाय तो," क्लिंट म्हणाला. "एवढा मोठा बेडूक अख्ख्या तालुक्यात नाही. आम्ही नाव काढलं तर 'माझा बेडूक' म्हणाले."

बोनं दोन्ही हात पसरून माप दाखवलं. ते जरा जास्तच झालं, पण कुणी हरकत घेतली नाही. ओसरीवर एकदम कलकलाट झाला. नियम असा होता की बेडूक शर्यतीच्या दिवशी पहाटे धरायचा, सगळ्यांनी. आधीपासून डांबून, खाऊ घालून ठेवायचा नाही. म्हणजे तीन वर्षं हेच चाललं होतं तर! म्हातारबुवा काठी आपटत उठले. दुसरे उठले. ज्यांना पाण्यासाठी मान वळवता आली नव्हती ते सगळे बेडकासाठी तरातरा निघाले, आणि मिस्टर डॉइल मधोमध, लालेलाल, किल्ल्यांचा जुडगा हलवत, मी कुणाचं खात नाही, दाखवतोच तुम्हाला, म्हणत.

मीमॉनं खुर्ची बाजूला घेतली. "उघडतोयस का रे बाबा एकदाचा? मला बसायचंय."

"तू थांब, मीमॉ," डेलियानं तिचा दंड घट्ट धरला. "यांना आधी जाऊ दे."

कुलूप निघालं. दोघांनी मिळून लोखंडी दार उचललं. आतून कुबट वाफ आली. मिस्टर डॉइल ताठ मानेनं पायऱ्या उतरले, एक, दोन, मागं वळून म्हणाले, "कुठाय बेडूक? आहे कुठं—" आणि पुढची पायरी शेवाळलेली होती.

धबाक्.

आधी सापाचे बूट वर, मग टोपी तरंगत, आणि मिस्टर डॉइल कमरेपर्यंत काळ्या पाण्यात उभे. त्यांच्या पलीकडं, एका तरंगणाऱ्या फळीवर, तो बेडूक. शेणाच्या गोवरीएवढा. त्यानं सगळ्यांकडं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, घुर्रूम्म.

सगळे पाण्याकडं बघत होते आणि मग एकेक जण नजर उचलून मीमॉकडं, तिच्या खुर्चीकडं, छोट्या बोच्या चेहऱ्याकडं, स्वतःच्या लेकरांकडं बघू लागला. बेडकाचं नाव परत निघालं नाही.

"सोमवारी सांगितलं होतं," डेलिया म्हणाली. ओरडली नाही. ओरडायची गरजच उरली नव्हती. "यांना दोनदा. मग सगळ्यांना. नळाचं तोंड बुजलंय, त्या खडीखाली."

अंकल बक पुढं झाले. मिस्टर डॉइलना हाताला धरून बाहेर ओढत त्यांनी ओढ्याकडं पाहिलं. कुणीतरी म्हणालं, खोदणारं यंत्र आणू, आत्ता मोकळं करू तोंड. पण अंकल बक मान हलवत म्हणाले, वरच्या अंगाला पाऊस लागलाय, ओढा चढतोय. आता तोंड उघडलं तर पाणी बाहेर जाणार नाही, ओढाच आत येईल. आज हे तळघर मेलं समजा.

"मग भोंगा वाजल्यावर जायचं कुठं?" लूपेचे बाबा म्हणाले.

"भोंगा वाजल्यावर नाहीच," डेलिया म्हणाली. "आत्ता. क्लिंटच्या जमातीचं, इथल्या मूळ रहिवाशांचं, सभागृह टेकडीवर आहे. त्यात वादळात टिकणारी पक्की खोली आहे. पण मध्ये फरशीपूल लागतो. भोंग्याची वाट बघितली तर तो पाण्याखाली गेलेला असेल."

एक जण म्हणाला, पण अजून तर वारापण सुटला नाही. अंकल बकनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो गाडी काढायला गेला.

क्लिंटनं मावशीला फोन लावला. जमातीच्या सभागृहाची किल्ली तिच्याकडं असायची. मावशी म्हणाली, दार उघडंच आहे, कालपासून, आणि तुम्ही येणार म्हणून मोठ्या पातेल्यात बीन्स चढवलेत. ज्यांची डोकी ठिकाणावर असतात त्यांचं असं असतं. अंकल बकनी शाळेची पिवळी बस मागवली. लूपे दारोदार पळाली, झोपलेल्यांना उठवलं, खडीवरच्या पाहुण्यांच्या पडद्यांवर थापा मारल्या. बोनं कुत्री गोळा केली. मीमॉला खुर्चीसकट अंकल बकच्या ट्रकमध्ये चढवली, आणि ती राणीसारखी बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन बसली.

शेवटचा ट्रक फरशीपुलावर आला तेव्हा लाल पाणी फरशीला चाटत होतं. मिस्टर डॉइल त्याच ट्रकमध्ये होते, ओलेचिंब, एका कोपऱ्यात. डेलियानं मागं वळून पाहिलं. ट्रक पलीकडच्या चढाला लागला आणि मागं फरशी दिसेनाशी झाली. त्यानंतर बऱ्याच वेळानं भोंगा वाजला.

पक्क्या खोलीत सगळी खांद्याला खांदा लावून बसली. आधी गारा, छपरावर दगडांच्या पाट्या ओतल्यासारख्या. मग एकदम शांतता, आणि त्या शांततेत लांबून मालगाडी यावी तसा घरघराट. सीडर बेंडला रेल्वे नाही. बो डेलियाच्या कुशीत शिरला. मीमॉनं तिचा हात धरला आणि सोडलाच नाही, आवाज गेला तरी.

सकाळी पाणी उतरल्यावर सगळी परत आली. कचेरीचं छप्पर शेजारच्या शेतात. चाकांवरची चार घरं पालथी. मीमॉच्या घराची एक भिंत उसवलेली, पण तिचा टीव्ही जागच्या जागी. खडीची अर्धी जागा ओढ्यानं कापून नेली होती, रंगीत खुर्च्या सायकॅमोरच्या फांद्यांत अडकल्या होत्या.

तळघराचं दार उघडंच राहिलं होतं. पाणी वरच्या पायरीला टेकलेलं, गढूळ लाल, काठोकाठ. सगळी वस्ती त्याच्याभोवती उभी राहिली, विहिरीभोवती राहावी तशी. बायकांनी पोरं जवळ घेतली.

मिस्टर डॉइलच्या हातात टोपी होती. "मला वाटलं," ते म्हणाले, "मला वाटलं पोरं बेडकासाठी—"

"उघडलंत ते तुम्ही बेडकासाठीच," डेलिया म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. आणि मोठ्या माणसानं मान खाली घातलेली बघून डेलियाला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. राग होताच, पण आता त्याला बसायला जागा मिळाली होती एवढंच.

रविवारी सभागृहात अंकल बकनी चौघांना पुढं उभं केलं. ते म्हणाले, पंचवीस वर्षं बंबावर काढली, पण माणसं अशी वेळेआधी कुणी हलवलेली बघितली नाहीत. टाळ्या थांबेनात. लूपेच्या बाबांनी तिला खांद्यावर उचललं, क्लिंटची मावशी डोळे पुसत होती, आणि म्हातारबुवा ओरडले, न झालेल्या शर्यतीचं पहिलं बक्षीस यांनाच द्या, बेडूक वाहून गेला म्हणून काय झालं. मीमॉ काठी टेकत उठली.

"मी या पोरीला म्हणाले होते, मोठं माणूस आहे, बघेल," ती म्हणाली. "मी खुर्ची घेऊन त्या दाराशी बसले होते. आजपासून मोठं कोण ते मी वयावर ठरवणार नाही."

डेलियाचे कान पेटले. अंकल बकनी विचारलं, तुला काय पाहिजे, माग. तिनं विचारसुद्धा केला नाही. कुलूप नको, म्हणाली. आणि नळाचं तोंड मोकळं पाहिजे, मिस्टर डॉइलनी स्वतःच्या हातानं खणलेलं.

त्यांनी खणलं. यंत्र पुरात अडकलं होतं, म्हणून फावड्यानं, उन्हात, हाताला फोड येईपर्यंत. पोरं सायकॅमोरखाली बसून कलिंगड खात होती. तिसऱ्या दिवशी मातीतून नळाचं तोंड दिसलं आणि कोंडलेलं पाणी भसकन बाहेर आलं, थेट त्यांच्या बुटांवर. बोनं आपल्या फोडींतली एक त्यांना नेऊन दिली. डेलियानं त्याला थांबवलं नाही.

पुढच्या शनिवारी बाराच्या चाचणीचा भोंगा वाजला. मीमॉ खुर्ची घेऊन तळघराच्या उघड्या दाराशी आलीच होती. आतला कोपरा धुवून पुसून झाला होता. ती म्हणाली, झालंय ना आता सगळं कोरडं, बघितलंय डॉइलनं.

"थांब," डेलिया म्हणाली.

ती उंचवट्यावर चढली, एक खडा उचलला आणि धुराड्यात टाकला. सगळी कान देऊन उभी राहिली. मिस्टर डॉइलसुद्धा.

टक्.

"आता जा," ती म्हणाली.